जस्ताचे दोन आकडे

प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावर जस्त दोन ठिकाणी होतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तक्त्यात त्याच्यासमोर ०.६ च्याही खालचा आकडा आणि 'कमी' असा शेरा. खालच्या जड धातूंच्या तक्त्यात त्याच जस्तासमोर शंभराच्या आसपासचा आकडा. माती एकच, पिशवी एकच, एककसुद्धा एकच, किलोमागे मिलिग्रॅम. पहिला तक्ता मानला तर जमिनीला झिंक सल्फेट द्यायला हवं होतं आणि दुसरा मानला तर जस्त जास्त झालं म्हणून काळजी करायला हवी होती. मी बरीच वर्षं लोकांचे हिशेब लिहिले आहेत. एकाच खात्याच्या दोन शिलका निघाल्या की एक तरी चुकली आहे, असं धरूनच आम्ही कामाला लागतो. प्रयोगशाळेत फोन केला, तर तिकडच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही आकडे बरोबर आहेत."

जमीन मामांची. पुण्याच्या खाली, मुळा-मुठेच्या काठाला, हवेली तालुक्यात. मामांचे गुडघे गेले, मामेभाऊ दूर नोकरीला, म्हणून मी नोकरी सोडून इथे आले. वरच्या अंगाला विहीर आहे, त्या पाण्यावर थोडा भाजीपाला. खाली नदीलगतच्या पट्ट्यात मोटार नदीवर. पालक, मेथी, कोथिंबीर, चुका. जुड्या बांधून मांजरीला पाठवायच्या आणि काही शहरातल्या सोसायट्यांना थेट द्यायच्या, असं मी सुरू केलं. त्यातल्याच एका सोसायटीतल्या बाईंनी विचारलं, "ताई, ही भाजी नदीच्या पाण्यावरची आहे का? जड धातूंची तपासणी केली आहे का?" प्रश्न रास्त होता. या नदीत शहराचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात जलपर्णीनं पाणी दिसेनासं होतं, कधी फेस येतो. हे आम्ही रोज बघतो.

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "पोरी, जमीन बिघडली असती तर पिकानं सांगितलं असतं. पालक बघ की."

पालक खरोखरच काळाभोर हिरवा होता, खालच्या पट्ट्यातला तर जास्तच. मामांनी पन्नास वर्षं पिकाकडे बघून जमीन ओळखली आहे. नत्र कमी पडलं तर पान कसं फिकुटतं, पालाश कमी पडलं तर कडा कशा करपतात, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतंच. पिकानं सांगितलं असतं, हे खरं आहे का? माझं सगळं शिकणं या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं.

नमुना काढतानाच पहिला धडा मिळाला. नेहमीच्या माती परीक्षणाला आपण फावड्यानं व्ही आकाराचा खड्डा घेतो, कडेची माती खरवडतो, घमेल्यात कालवतो. मॅडमनी बजावलं होतं की लोखंडी फावडं नको, जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर मुळीच नको. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं साधन घ्या आणि प्लॅस्टिकच्या टबात माती मिसळा. जे मोजायचं तेच भांड्यातून मातीत उतरायला नको. वरच्या वावराचा नमुना वेगळा, नदीपट्ट्याचा वेगळा.

दोन शिलकांचा उलगडा त्यांनी मग प्रयोगशाळेत बसवून केला. मोठा आकडा काढताना माती तीव्र आम्लांमध्ये उकळतात. खनिजांच्या पोटात अडकलेलं जस्तसुद्धा बाहेर येतं. लहान आकडा काढताना डीटीपीए नावाच्या द्रावणात माती ठराविक वेळ हलवतात. हे द्रावण फक्त सैल धरलेला धातू सोडवून घेतं, साधारण मुळाच्या हाताला लागू शकेल तेवढाच. लिंडसे आणि नॉर्वेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७८ साली ही पद्धत मांडली आणि आपल्याकडच्या माती परीक्षणात ती रुळली. आमची जमीन चुनखडीची, सामू आठाच्या वर. अशा जमिनीत जस्त असतं भरपूर, पण घट्ट बसलेलं. त्यामुळे जस्तानं भरलेल्या मातीत पीक जस्तासाठी उपाशी राहू शकतं, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी काळ्या जमिनींत ते तसं राहतंच.

म्हणजे 'जमिनीत किती आहे' आणि 'पिकाला किती मिळतं' हे दोन निराळे प्रश्न. एवढं कळायला मला एवढा वेळ का लागला, याचं कारण असं की जड धातूंबद्दल जे जे वाचायला मिळालं होतं त्यात एकच आकडा दिलेला असायचा, आणि तो कुठला ते लिहिलेलं नसायचं.

त्या मोठ्या आकड्यांनी मला आणखी एका बाजूनं घाबरवलं. तांबं, निकेल, क्रोमियम हे तिन्ही मला परदेशी पुस्तकातल्या 'सर्वसाधारण माती'पेक्षा चढे दिसत होते. वरच्या वावरातही, जिथे नदीचं पाणी कधी गेलं नाही तिथेही. नदीचा दोष म्हणावा तर तो तिथे पोचला कसा? उत्तर पायाखालीच होतं. आपली काळी माती बेसॉल्टची, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची. त्या खडकात हे तिन्ही धातू ग्रॅनाइटपेक्षा मुळातच जास्त असतात. पुण्याची माती तपासायची तर शेजारच्या न बिघडलेल्या वावराशी ताडून बघायची. युरोपातल्या तक्त्याशी ताडली तर सह्याद्रीच दूषित ठरेल. म्हणूनच दोन ठिकाणचे नमुने घ्यायला सांगितले होते.

आणि त्या ताडण्यातच एक धातू वेगळा निघाला. कॅडमियम. नदीपट्ट्यात ते वरच्या वावरापेक्षा दुपटीहून जास्त होतं. किलोमागे एक मिलिग्रॅमही नव्हतं, पण फरक उघड होता. पूर येतो तेव्हा या पट्ट्यावर बारीक गाळ बसतो, आणि धातू त्या बारीक कणांना चिकटून येतात.

धातू म्हणजे विष, अशी माझी समजूत होती. ती फार ढोबळ होती. लोह, मंगल, जस्त, तांबं, मॉलिब्डेनम, इतकंच काय निकेलसुद्धा पिकाला हवं असतं; युरियाचं विघटन करणाऱ्या विकराच्या गाभ्यात निकेल असतं. हे कमी पडले की पीक अडतं, जास्त झाले की भाजतं. कॅडमियम, शिसं, पारा, आर्सेनिक यांचं मात्र पिकाला काहीच काम नाही. मग पीक त्यांना आत घेतंच कशाला? इथे मी बराच काळ अडखळले. मूळ चाचपून, पारखून घेत असेल असं मला वाटायचं. मूळ पारखतं, पण ढोबळ. लोहासाठी मुळाच्या पेशींवर जी वाट असते तिच्यातून जस्त, मंगल आणि कॅडमियमही शिरतं. भातात मंगल आत नेणारं जे प्रथिन आहे तेच कॅडमियमही ओढतं. आर्सेनिकचं एक रूप स्फुरदासारखं दिसतं म्हणून स्फुरदाच्या वाटेनं आत जातं. पाणी साचलेल्या खाचरात त्याचं दुसरं रूप होतं, ते सिलिकाच्या वाटेनं जातं. भात सिलिका भरभरून घेणारं पीक, म्हणून बंगालच्या आणि बांगलादेशाच्या आर्सेनिकयुक्त पाण्याच्या भागात भाताचा प्रश्न गव्हापेक्षा बिकट झाला.

आत गेल्यावर काय होतं? कॅडमियम जस्ताच्या जागी जाऊन बसतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा अडवावी तसं. जागा भरलेली दिसते, पण ज्याच्यासाठी होती तो उभाच. विकर तयार असतो आणि काम करत नाही. मुळं आखूड, जाड, तपकिरी होतात, केसमुळं झडतात, आणि मूळच थिटं झाल्यावर पाणी, नत्र, पालाश, चुना सगळ्याचीच आवक घटते. पीक आपल्यापरीनं झुंजतं. ग्लुटाथिऑन नावाच्या गंधकयुक्त रेणूपासून ते लहान साखळ्या बनवतं, धातूला त्यांत गुंडाळतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवतं. ही सोय फुकटची नाही. तेच गंधक, तेच ग्लुटाथिऑन त्याला ऊन, दुष्काळ, रोग यांच्याशी लढायलाही लागतं. खालच्या पट्ट्यातलं पीक नुसतं उभं राहण्यासाठी काय काय खर्च करत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हे वाचून मी वाफ्यांत खुणा शोधू लागले आणि आणखी गोंधळले. मेथीच्या एका वाफ्यात कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. धातूचा त्रास? मामांनी लांबूनच सांगितलं, "केवडा आहे तो. चुनखडीत पडतोच." तेही खरं. चुन्यानं लोह अडलं की केवडा पडतो. पण तांबं किंवा जस्त फार झालं तरी लोहच अडतं आणि असाच केवडा पडतो. पानाचं दुखणं एक, कारणं तीन-चार. नुसत्या डोळ्यानं ओळखता येत नाही, हे मला मॅडमनी सांगितलं आणि मामांनीही अखेर मान्य केलं.

तांब्याचा विषय निघाला तेव्हा मामांच्या व्याह्यांनी द्राक्षाची गोष्ट काढली. त्यांची बाग तासगावकडे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारल्याशिवाय केवड्याशी, म्हणजे त्या बुरशीच्या केवड्याशी, लढता येत नाही. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली या मिश्रणाचा गुण जाहीर केला, तेव्हापासून जगभरच्या बागांत तांबं पडतं आहे. फवारलेलं तांबं पानावरून मातीत येतं आणि वरच्या थरातच राहतं. युरोपातल्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत ते इतकं साठलं की तिथे दर हेक्टरी तांब्यावर कायद्यानं मर्यादा घातल्या आहेत. वेलीची मुळं खोल, तिला लगेच कळत नाही; बाग मोडून तिथे उथळ मुळांचं पीक घेतलं की कळतं. व्याही गप्प होऊन ऐकत होते. त्यांची बाग मोडायला आलेली आहे.

आता मामांच्या वाक्याकडे. पिकानं सांगितलं असतं का?

अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ रुफस चेनी यांनी १९८० साली याचं फार नेमकं उत्तर मांडलं. काही धातूंना माती आणि पीक मिळून अडवतात. शिसं आणि पारा मातीत घट्ट बसतात किंवा मुळातच अडकतात, दाण्यापर्यंत फारसे चढत नाहीत. जस्त, तांबं, निकेल जास्त झाले तर खाणाऱ्याला अपाय होण्याच्या आधी पीकच आजारी पडतं, खुरटतं, मरतं. या धातूंच्या बाबतीत मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं: पीक सांगतं. पण कॅडमियम या आडकाठीतून निसटतं. पिकाला जाणवणार नाही इतक्या मात्रेत ते पानात जमतं, आणि माणसाला ती मात्रा वर्षानुवर्षांत भारी पडते. पालक हिरवागार, रसरशीत, जुडी बांधावी अशी, आणि तरीही त्यात ते असू शकतं. पालेभाज्या यात सगळ्यांत पुढे. त्यामागे कंदमुळं, मग फळभाज्या. वांगं, दोडका, भेंडी तुलनेनं कमी.

हे वाचल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. जी भाजी मी मुलांच्या आयांना विकते तिच्याबद्दल माझ्या डोळ्यांना काहीच सांगता येत नाही, हे फार अस्वस्थ करणारं होतं.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण जपानचं आहे. तोयामा प्रांतातली जिंझू नदी. वर डोंगरात कामिओकाची जस्त-शिशाची खाण, खाली नदीच्या पाण्यावरची भातखाचरं. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम असतंच. ते पाण्याबरोबर आणि गाळाबरोबर खाचरांत उतरत राहिलं. भात पिकत राहिला, घरोघर शिजत राहिला. आणि गावातल्या बायका, बहुतेक उतारवयाच्या, बरीच बाळंतपणं झालेल्या, अंगदुखीनं अंथरुणाला खिळू लागल्या. मूत्रपिंडं निकामी होत गेली, हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनं मोडायची. 'दुखतं, दुखतं' अशा त्यांच्या विव्हळण्यावरून त्या आजाराला इताई-इताई म्हणू लागले. हागिनो नोबोरू या स्थानिक डॉक्टरांनी खाणीकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. १९६८ साली जपान सरकारनं हा प्रदूषणामुळे झालेला आजार असल्याचं मान्य केलं. देशातला असा मान्य झालेला पहिला आजार. १९७१ मध्ये रुग्णांनी जिल्हा न्यायालयात खटला जिंकला, १९७२ मध्ये वरच्या न्यायालयातही.

त्या बायकांचा विचार करताना एक गोष्ट मला विशेष टोचते. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त ओढून घेतं. पुन्हा तेच, लोहाच्या वाटेनं. पांढऱ्या तांदळात लोह आणि जस्त दोन्ही कमी, बाळंतपणांनी अंगातलं लोह आधीच उतरलेलं, आणि मूत्रपिंडात एकदा बसलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. आपल्याकडे पंडुरोग किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणून पहिल्या तक्त्यातला 'जस्त कमी' हा शेरा आणि दुसऱ्या तक्त्यातलं कॅडमियम हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्या मातीत पिकाला जस्त मिळत नाही तिथे कॅडमियमला मोकळी वाट मिळते, आणि ज्या ताटात लोह-जस्त कमी तिथे तेच पुन्हा घडतं. मॅडमनी झिंक सल्फेट द्यायला सांगितलं ते यासाठीही.

मी झिंक सल्फेटच्या पोत्यापाशीही थबकले. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतं, तर या पोत्यात? खत नियंत्रण आदेशात त्याची मर्यादा दिलेली आहे: ०.००२५ टक्के, म्हणजे किलोमागे २५ मिलिग्रॅम. मग मी माझ्या सवयीनं वही उघडली. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट दिलं आणि त्यात मर्यादेइतकं कॅडमियम धरलं, तरी येतं ०.६ ग्रॅम. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम. हेक्टरी १० टन घातलं तर सगळ्यांत वाईट हिशेबानं ५० ग्रॅम. हेक्टरी पंधरा सेंटिमीटर थराची माती साधारण साडेबावीस लाख किलो. त्या ५० ग्रॅमनं किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमची भर पडते. एका वर्षाला काहीच नाही. पण जावक बघा: १५ टन पालक काढला आणि त्यात किलोमागे ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम असलं, तर जमिनीतून बाहेर जातं ३ ग्रॅम.

आवक ५०, जावक ३. कीटकनाशक सडतं, सेंद्रिय कचरा कुजतो, नत्र उडून जातं किंवा निचऱ्यानं वाहून जातं. धातू कुजत नाही. शिल्लक पुढे ओढली जाते, आणि वीस वर्षांनी ०.०२ चे ०.४ होतात. चांगलं कंपोस्ट मर्यादेच्या खूप खाली असतं हे मला माहीत आहे. म्हणूनच आता मी पोतं घेण्याआधी तपासणीचा कागद मागते. शेणखत घरचं आहे, ते तर हवंच. सेंद्रिय पदार्थ धातूला धरून ठेवतात.

मैलागाळातून साठलेल्या धातूंचा दीर्घकाळचा परिणाम इंग्लंडमध्ये वोबर्नला मोजला गेला आहे. १९४२ ते १९६१ पर्यंत तिथल्या प्रयोगाच्या वाफ्यांत मैलागाळ घातला. बंद केल्यानंतर वीस वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिथे पांढरं क्लोव्हर लावलं, तर त्याच्या मुळांवरचे जिवाणू नत्रच बांधेनात. रोप दुबळं का राहिलं याचं कारण रोपात नव्हतं, मातीतल्या जिवाणूंत होतं. त्यानंतर मी नदीपट्ट्यातला हरभरा उपटून गाठी कापून बघितल्या. आतून गुलाबी होत्या. गुलाबी म्हणजे कामात आहेत. मामांना खूप बरं वाटलं, मलाही.

शिशाचं मात्र वेगळं. ते मुळातून वर फारसं चढत नाही, पण धुळीतून पानावर बसतं. रस्त्याकडेच्या, कारखान्याजवळच्या भाजीत जे शिसं सापडतं त्यातलं बरंचसं वरून बसलेलं असतं. ते धुऊन कमी होतं. पानाच्या आत गेलेलं कॅडमियम धुऊन जात नाही. भाजी मिठाच्या पाण्यात ठेवली की सगळं निघून जातं, असं समजणाऱ्या माझ्या ग्राहकांना मला हेच सांगावं लागतं.

मग पानांची तपासणी केली. अहवालात पालकाचं कॅडमियम किलोमागे १ मिलिग्रॅमच्या वर. कोडेक्स आयोगाची पालेभाज्यांसाठीची मर्यादा ०.२. म्हणजे पाचपटीहून जास्त! मी त्या दिवशी काढणी थांबवली आणि मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "आकडा वाळलेल्या पानाचा आहे की ओल्या?" कागदावर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत पानं भट्टीत वाळवून, दळून तपासतात. मर्यादा ओल्या भाजीसाठी असते. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. त्या हिशेबानं आकडा मर्यादेच्या खाली आला, पण फार खाली नाही; वरच्या वावरातला पालक मात्र बराच खाली होता. एक शब्द छापायचा राहिला तर माणूस किती हादरतो! असे अहवाल हजारो शेतकऱ्यांच्या हातात जाणार असतील तर 'ओल्या वजनावर' की 'कोरड्या वजनावर' हे ठळक लिहिलंच पाहिजे.

उपाय विचारत गेले तेव्हा कळलं की एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. आम्लधर्मी जमिनीत चुना घालतात, सामू वाढला की कॅडमियम बसतं. आमची जमीन आधीच चुनखडीची, तिथे चुन्यानं केवडा तेवढा वाढेल. भातखाचरात पाणी धरून ठेवलं तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं, पण त्याच पाण्यात आर्सेनिक सुटं होतं. खारट पाण्यानं, त्यातल्या क्लोराइडमुळे, कॅडमियम मातीतून जास्त मोकळं होतं. म्हणजे नदीचं पाणी खारट असलं तर ते दोन बाजूंनी काम करतं: धातू आणतंही आणि मोकळाही करतं. मोहरीसारखी पिकं लावून धातू उपसायचा विचारही मी केला. पण वही सांगते की दर पिकाला काही ग्रॅम निघतील, आणि ती धातू भरलेली मोहरी टाकायची कुठे? जिंझूकाठी शेवटी दूषित थर गाडून वर स्वच्छ माती आणून टाकावी लागली. सुमारे ८६३ हेक्टर, १९७९ पासून २०१२ पर्यंत. त्याच सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी भाताचा असा वाण काढला की ज्यात मंगलाची ती वाट बिघडवलेली आहे आणि दाण्यात कॅडमियम जवळजवळ जातच नाही. त्याबद्दल वाचून मला मनापासून आनंद झाला. पालेभाज्यांत असं कुणी करावं.

आमचा निर्णय साधा झाला. पालेभाज्या सगळ्या वर, विहिरीच्या पाण्यावर. नदीपट्ट्यात झेंडू आणि शेवंती. मामांचं म्हणणं होतं की तिथे हत्तीगवत लावू, जनावरांना होईल. त्यावर आमची बरीच बोलाचाली झाली. दुधात कॅडमियम फारसं उतरत नाही हे खरं आहे, पण जनावराच्या मूत्रपिंडात आणि यकृतात ते साठतं, आणि शेण पुन्हा वरच्या वावरात येतं. मी नाही म्हटलं. मामांनी थोडा वेळ धरून ठेवलं आणि मग म्हणाले, "बरं, फुलं लाव. पण दसऱ्याला दर सापडला पाहिजे."

त्या सोसायटीतल्या बाईंना मी दोन्ही अहवाल पाठवले, ओल्या वजनाचा हिशेब स्वतः खाली लिहून, आणि आता भाजी कुठल्या वावरातून येते तेही. त्यांनी मागणी चालू ठेवली. या पावसाळ्यात पूर आला तर पट्ट्यावर नवा गाळ बसेल. आत्ताची माती मी वाळवून, बरणीत भरून, तारीख आणि बांधावरची खूण लिहून ठेवली आहे. पाणी ओसरलं की त्याच खुणेपाशी, तेवढ्याच खोलीचा नमुना काढायचा आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच प्रयोगशाळेत द्यायचे, म्हणजे या वर्षाची आवक तरी कळेल.